हिरवा रंग हा पुरावा नव्हे

दुसऱ्या महायुद्धातली घडीची सायकल एखाद्या हौशी संग्राहकाच्या हाती लागली की बहुतेक वेळा तिचे एकच होते. आधी गंज आणि जुना रंग उतरवला जातो, मग ती लष्करी हिरव्या रंगात रंगवली जाते. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एखाद्या तुकडीचे चिन्ह उमटते, जाड कापडाची पिशवी लटकते आणि प्रदर्शनात तिच्याभोवती गर्दी जमते. यामागचा हेतू चांगलाच असतो. ज्या वस्तूने युद्ध पाहिले ती युद्धातल्यासारखी दिसावी, असे त्या माणसाला मनापासून वाटत असते. पण हे रंगकाम पुरे होते तेव्हा ती सायकल खरोखर लष्करी होती की नाही हे ठरवण्याची बरीचशी साधने तिच्या अंगावरून कायमची गेलेली असतात. माझे म्हणणे असे आहे की, लष्करी सायकल ओळखताना तिचे लष्करी दिसणे हा सर्वांत कच्चा पुरावा मानला पाहिजे. पक्का पुरावा सांगाड्याच्या घडणीत असतो. आणि त्या घडणीला दुजोरा देणाऱ्या खुणा बहुधा युद्धानंतरच्या साध्या, घरगुती वापराच्या थराखालीच टिकून राहतात. म्हणून सापडलेली सायकल आधी वाचावी, नोंदवावी आणि शक्यतो रंगवूच नये.

घडीच्या लष्करी सायकलीची कल्पना या महायुद्धाहून बरीच जुनी आहे. फ्रान्समध्ये कॅप्टन जेरार यांच्या नावाने ओळखली जाणारी घडीची सायकल १८९०च्या दशकातच आली होती. इटलीच्या बेर्सालिएरी पलटणींसाठी बियांकी कंपनीने १९१२च्या सुमारास भरीव रबरी टायरची आणि स्प्रिंग बसवलेली घडीची सायकल तयार केली होती. परंतु आज जगभरच्या जुन्या बाजारांत आणि लिलावांत जिच्या नावावर सर्वाधिक दावे केले जातात ती सायकल ब्रिटिश आहे. ती म्हणजे बीएसए, अर्थात बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीची विमानातून उतरणाऱ्या सैन्यासाठी केलेली घडीची सायकल. १८६१मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे चिन्ह. नोव्हेंबर १९४०मध्ये तिच्या स्मॉल हीथच्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि अनेक कामगार दगावले. त्याच कंपनीने १९४२ ते १९४५ या काळात ६० ते ७० हजारांच्या घरात अशा सायकली बनवल्या, असे मानले जाते.

तिच्या रचनेत शिरल्याशिवाय ओळखीचा प्रश्न सुटत नाही, म्हणून थोडे खोलात जायला हवे. नेहमीच्या सायकलीची ताकद तिच्या सरळ नळ्यांनी साधलेल्या त्रिकोणांत असते. नळ्या मध्येच कापून तिथे बिजागरी बसवली की त्या त्रिकोणाचा जीव जातो. माणसाचे आणि सामानाचे वजन पेलताना नेमकी कापलेली जागा लचकू लागते. बीएसएच्या अभियंत्यांनी सरळ नळीचा हट्टच सोडला. हँडलच्या मानेपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत त्यांनी बाक दिलेल्या बारीक नळ्यांच्या जोड्या नेल्या, एक जोडी वरून आणि एक खालून. त्यामुळे बाजूने पाहिले तर सांगाडा लंबगोलासारखा दिसतो. या दोन्ही जोड्यांवर सीटच्या पुढे एकेक बिजागरी आहे आणि प्रत्येक बिजागरीवर एकेक विंग नट, म्हणजे पान्याशिवाय नुसत्या बोटांनी फिरवता येणारा दोन कानांचा नट. हे दोन नट सैल केले की सायकलीचा पुढचा अर्धा भाग वळून मागच्या चाकाशेजारी येतो. हँडलही सैल करून वळवता येते. पायडलला पाय ठेवण्याची पट्टी नाही. त्या जागी नुसता गोल दांडा आहे, आणि घडी घालताना तो आत सरकवता येतो. विमानातून टाकताना तिची बांधणी अशी करत की हँडल आणि सीट आधी जमिनीला लागावे. सीट वाकली तर चालते, पण चाक वाकले तर सायकल मोडीतच गेली. हा हिशेब साऱ्या रचनेत दिसतो. ती अनेक वर्षे टिकावी म्हणून बनलेली नव्हती. सैनिकाला उतरल्या जागेवरून पहिल्या मुक्कामापर्यंत पायी जाणाऱ्यापेक्षा लवकर आणि इंजिनाच्या आवाजाशिवाय पोहोचवले की तिचे काम झाले, असा तो हिशेब होता.

आता दाव्यांकडे वळू. सर्वांत सर्रास दिला जाणारा दाखला रंगाचा. जुन्या हिरव्या किंवा खाकी रंगाची सायकल दिसली की ती लष्करी, असे मानून भाव सांगितला जातो. पण युद्ध संपल्यावर सैन्याचा शिलकी रंगसुद्धा बाजारात आला होता, आणि तो कुणीही कशालाही फासू शकत होते. शिवाय आज हव्या त्या छटेचा रंग डब्यात मिळतो. दुसरा दाखला तीन बंदुकांच्या चिन्हाचा. हे चिन्ह पाहून भले भले फसतात, कारण बीएसए नुसत्या पूर्ण सायकली विकत नव्हती. सांगाड्याचे जोड, हब, साखळीचे मोठे चक्र असे सुटे भाग ती इतर अनेक कारखान्यांना पुरवत असे. दुसऱ्याच कुणी बांधलेल्या सायकलीवर बीएसएचे भाग असणे ही त्या काळची अगदी साधी गोष्ट होती. मोठ्या चक्रात कोरलेली बीएसए ही अक्षरे लष्करी सायकलीवर असतात तशीच पोस्टमनच्या किंवा शिक्षकाच्या सायकलीवरही असत. तिसरा दाखला घडीचा. सायकल दुमडते, म्हणजे ती सैन्याची, हे गृहीतकही टिकत नाही. घडीच्या सायकली नागरिकांसाठी एकोणिसाव्या शतकापासून निघत आल्या आहेत.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणारा सैनिक, या शब्दाभोवती आहे. युद्ध संपल्यावर बीएसएनेच आपल्या घडीच्या सायकलीच्या सैनिकी कीर्तीचा फायदा घेत पॅराबाइक नावाची सायकल मुलांसाठी बाजारात आणली. तिच्या नळ्यांना तसाच बाक आहे, तोंडवळाही तसाच आहे, फक्त ती दुमडत नाही. अमेरिकेत कोलंबिया कंपनीची कॉम्पॅक्स ही दोन तुकड्यांत सुटी होणारी सायकल आजही सर्रास पॅराट्रूपर म्हणून विकली जाते, पण त्याच नमुन्याच्या सायकली नागरिकांनाही विकल्या जात होत्या. आणि मॅसॅच्युसेट्सच्या माँटेग्यू कंपनीची पॅराट्रूपर ही तर १९९०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतून विकसित झालेली अगदी अलीकडची सायकल आहे. या चौघींना एकच नाव चिकटलेले असल्यामुळे विकणाऱ्याचा शब्द, जाहिरातीतली ओळ आणि शोधयंत्राचा निकाल यांपैकी कशावरच विसंबता येत नाही.

मग कशावर विसंबायचे? सगळ्यात आधी बिजागरी पाहावी. तिच्या जागी नळ्यांना दिलेला आकार, तिथे केलेली पितळी झाळ, आत सरकणाऱ्या पायडलच्या दांड्यांसाठी ठेवलेली सोय या गोष्टी कारखान्यातच घडतात. चाक, सीट, ब्रेक, साखळी बदलता येते. ही घडण गल्लीतल्या दुकानात बदलता येत नाही. त्यानंतर सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक. लष्करी घडीच्या बीएसएवर सामान्यतः आर या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. रंगाच्या जाड थराखाली तो बुजतो, आणि पॉलिशच्या यंत्राखाली तर साफ पुसला जातो. पुढे येतो ब्रिटिश सरकारी मालावर ठोकला जाणारा रुंद बाण. सरकारी मालावरचे हे चिन्ह इतके गंभीर मानले जाई की १८७५च्या सार्वजनिक सामग्री कायद्याने असा माल बेकायदा बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. माल सेवेतून काढून रीतसर विकला गेला तर त्याच बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा उलटा बाण ठोकत. म्हणजे एकच बाण असेल तर तो भाग सरकारी होता, आणि समोरासमोर दोन बाण असतील तर तो सरकारने विकून टाकला होता. पण हे सुटे भाग एका सायकलीवरून दुसरीवर जातात, त्यामुळे एका बाणावरून सगळी सायकल लष्करी ठरत नाही. तो बाण ज्या भागावर आहे तो भाग त्याच सांगाड्याचा मूळ आहे का, हे झिजेच्या आणि रंगाच्या खुणा पाहूनच ठरते. आणि नेमक्या त्याच खुणा आपण घासून काढतो.

रंगाचे थर म्हणजे पुष्कळ काही सांगणारी गोष्ट आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीवर एकावर एक चढलेले चुन्याचे हात पाहून घराचे वय सांगता येते, तसाच हा प्रकार. सांगाड्याच्या एखाद्या कमी दिसणाऱ्या जागी, समजा सीटच्या नळीच्या मागे, नखाएवढा भाग हळूच खरवडून भिंगातून पाहिला तर वरचा काळा रंग, त्याखालचा घरगुती निळा किंवा लाल रंग, त्याहून खाली लष्करी रंग आणि सर्वांत खाली लोखंडाला चिकटलेला अस्तराचा थर असा क्रम दिसू शकतो. लष्करी रंग खाली आणि नागरी रंग वर असणे हाच सर्वांत भरवशाचा क्रम आहे, कारण बनावट करणारा माणूस लष्करी रंग नेहमी वर लावतो. तीच गोष्ट वापराच्या खुणांची. नंतर बसवलेले मडगार्ड, जोडलेला कॅरियर, पायडलच्या दांड्यांऐवजी लावलेले रबराचे साधे पायडल, बिजागरी सैल होते म्हणून कुणी वेल्डिंग करून कायमची बंद केलेली नळी, या साऱ्या गोष्टी सांगतात की ही सायकल लष्करातून बाहेर पडली आणि कुणाच्या तरी रोजच्या उपयोगात आली. ज्याला ती घडी करायचीच नव्हती, त्यानेच ती बिजागरी बंद केली. त्याला ती कारखान्यात किंवा शेतावर जाण्यासाठी हवी होती. युद्धानंतरच्या टंचाईच्या युरोपात लष्कराच्या शिलकी मालाने लोकांचे संसार कसे चालवले, याचा असा हाती धरता येणारा पुरावा फार थोड्या वस्तू देतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. या सायकलीचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या युद्धातल्या कामामुळे आहे, बाजारहाटात गेलेल्या नंतरच्या वर्षांमुळे नाही. मग तिला १९४४मधले रूप परत द्यायला हरकत काय? हरकत अशी की १९४४चे रूप म्हणून आपण जे देतो ते बहुतेक वेळा आपल्या कल्पनेतले असते. उपलब्ध छायाचित्रे पाहिली तर हे लक्षात येते. या सायकलीची सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रे ६ जून १९४४ची, नॉर्मंडीतल्या जूनो किनाऱ्यावरच्या बेर्निएर-सुर-मेर गावची आहेत. त्यांत कॅनडाच्या नवव्या इन्फन्ट्री ब्रिगेडचे सैनिक उतरण्याच्या बोटींच्या फळ्यांवरून, खांद्यावर सायकली घेऊन किनाऱ्यावर येताना दिसतात. म्हणजे जी सायकल विमानातून छत्रीने टाकण्यासाठी घडवली ती इथे समुद्रातून आली, पायदळाच्या खांद्यावरून आली. विमानातून उतरणाऱ्या तुकड्यांकडे ग्लायडरमधून नेता येणाऱ्या जीप आल्यावर सायकलीचे काम आक्रसत गेले. आज मात्र रंगवलेल्या प्रत्येक सायकलीवर छत्रीधारी सैनिकांच्या तुकडीचेच चिन्ह उमटते. तिने उडी घेतली होती की बोटीने प्रवास केला होता, की ती युद्धभर ब्रिटनमधल्या एखाद्या छावणीच्या कोठारातच पडून होती, हे आपल्याला सांगाड्यावरून कळत नाही. क्रमांकावरून उत्पादनाचा साधारण काळ कळतो, ती कोणत्या सैनिकाने वापरली हे कळत नाही. ही मर्यादा मान्य करणे म्हणजे सायकलीचा अपमान नव्हे. उलट, न घडलेले शौर्य तिच्यावर रंगवले की ज्यांनी खरोखर त्या किनाऱ्यावर चिखलातून सायकली ओढल्या त्यांच्या हकिगतीला आपण धूसर करतो.

दुसरा आक्षेप गंजाचा. जशी आहे तशी ठेवली तर ती गंजून नाहीशी होईल, असे म्हणतात. हा आक्षेप रास्त आहे, पण तो जपणुकीच्या बाजूनेच जातो. गंज थांबवायला रंग काढावा लागत नाही. सैल माती मऊ ब्रशने काढणे, कोरड्या जागेत ठेवणे आणि लोखंडावर पातळ मेणाचा थर देणे हे उपाय संग्रहालये रोज वापरतात. ज्या ठिकाणी नळी आतून सडून सांगाडा मोडकळीला आला असेल तिथे दुरुस्ती करावीच लागेल, पण दुरुस्ती आणि कायापालट यांत फरक आहे. पूर्ण सांगाडा वाळूच्या झोताने घासून त्यावर पावडर कोटिंग चढवणे ही दुरुस्ती नाही. त्यात ठोकलेला क्रमांक झिजतो, खालचे सगळे थर जातात आणि गंजाबरोबर पुरावाही जातो. तोच प्रश्न चालवण्याचा. सायकल ही चालण्यासाठी असते, तिला काचेच्या पेटीत कोंडणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे म्हणणारे मला चुकीचे वाटत नाहीत. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर या गोष्टी झिजण्यासाठीच असतात. त्या नव्या घालाव्यात, जुन्या पिशवीत बांधून सायकलीबरोबर ठेवाव्यात आणि मग ती खुशाल चालवावी. उलटवता येईल असा बदल आणि कधीच उलटवता येणार नाही असा बदल, ही रेघ एकदा आखली की बहुतेक वाद मिटतात. जुन्या मोटारींच्या जगात हा विचार आता रुजला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेला ट्यूरिनचा जाहीरनामा वाहनावर काळाच्या ओघात उमटलेल्या वापराच्या खुणांनाही त्याच्या इतिहासाचा भाग मानतो. एका सायकलीला त्याहून कमी मान का द्यावा?

तिसरा आक्षेप मालकीचा आहे. सायकल ज्याची, त्याने ती हवी तशी रंगवावी, बाकीच्यांनी त्यात नाक खुपसू नये. कायद्याने हे बरोबर आहे, आणि सरकारने लोकांच्या अडगळीच्या खोल्यांत शिरावे असे मलाही वाटत नाही. पण हीच माणसे तिच्यावर इतिहासाचा दावाही करतात. नॉर्मंडीत गेलेली सायकल म्हणून ती विकतात, प्रदर्शनात ठेवतात, तिच्याशेजारी पाटी लावतात. दावा करायचा तर पुरावा जपायची जबाबदारी अंगावर येतेच. जो संग्राहक आपल्या सायकलीला नुसती जुनी घडीची सायकल म्हणतो त्याने ती गुलाबी रंगवली तरी माझी तक्रार नाही. काही जण असेही म्हणतील की ६०-७० हजार सायकली बनल्या होत्या, त्यांतली एक रंगवली तर काय बिघडले? पण बनलेल्या सगळ्या उरलेल्या नाहीत. शिवाय प्रत्येक संग्राहक हाच विचार करू लागला तर काही वर्षांनी सगळ्या सायकली एकसारख्या हिरव्या दिसतील आणि तुलना करायला एकही मूळ थर उरणार नाही. खऱ्या-खोट्याचा निवाडा तुलनेनेच होतो.

या सगळ्याचा आपल्याकडे संबंध आहे, आणि तो दुरान्वयाचा नाही. ब्रिटिश काळात ब्रिटिश सायकली हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर आल्या. पुण्यात कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात युद्धकाळातली बीएसएची पॅराट्रूपर सायकल पाहायला मिळते. भारतात ओळखीचा गुंता मात्र वेगळ्या कारणाने वाढतो. १९४९मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या सहकार्याने सायकलींचा कारखाना उभा राहिला आणि पुढे बीएसए हे नाव भारतीय सायकलींवर येऊ लागले. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना बीएसए म्हटले की शाळेत जायची सायकलच आठवते. त्यामुळे भंगारवाल्याकडे बीएसए अक्षरांचे मोठे चक्र दिसणे हा युद्धाचा पुरावा होत नाही, आणि एखादी बाकदार नळ्यांची दुमडती सायकल वजनावर विकली जाणेही अशक्य नाही. कायद्याकडून इथे मदत नाही. १९७२च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार साधारण वस्तूला पुरावशेष ठरायला किमान १०० वर्षांचे वय लागते. १९४३मध्ये बनलेली सायकल २०४३पर्यंत त्या व्याख्येत येत नाही. तोपर्यंत ती भट्टीत वितळली, परदेशी गेली किंवा वाळूच्या झोताखाली नवी झाली, तर तिला अडवणारे कुणी नाही.

म्हणून जुना बाजार पालथा घालणाऱ्या हौशी लोकांकडूनच अपेक्षा ठेवावी लागते, आणि ती फार मोठी नाही. दुमडणारी जुनी सायकल मिळाली तर धुण्याआधी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. बिजागऱ्या, पायडल, मानेचा जोड आणि क्रमांक यांची जवळून, तिरप्या उजेडात घ्यावीत, कारण तिरप्या उजेडात ठोकलेला आकडा उठून दिसतो. कोणाकडून घेतली, त्याला कुठून मिळाली, तो काय सांगतो, हे जसेच्या तसे लिहून ठेवावे. तो सांगतो ते खरे असेलच असे नाही, पण पुढे तपासायला ते लागते. तिच्यावर नगरपालिकेच्या सायकलपट्टीचा जुना बिल्ला लटकत असेल तर तो काढू नये. त्यावरचे वर्ष आणि गाव हे त्या सायकलीच्या भारतातल्या मुक्कामाचे हाती असलेले एकमेव सरकारी कागदपत्र असू शकते. हँडलवर कुणी देवाच्या नावाचे स्टिकर लावले असेल, मागे कुणी पत्र्याची पाटी ठोकून त्यावर दुकानाचे नाव लिहिले असेल, तर तेही राहू द्यावे. प्रदर्शनात ठेवायची वेळ आली की शेजारच्या पाटीवर तुकडीचे नाव लिहिण्याऐवजी सांगाडा कोणत्या नमुन्याचा, क्रमांक काय, कोणते भाग मूळ, कोणते नंतरचे आणि हे कशावरून ठरवले, एवढे स्पष्ट लिहावे.